चारनंतरचा दिवस

वेल्सफर्ड, ऑन्टारिओ
९ मे १९९४

ओर्व्हिल,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. तेरा वर्षांनी पत्र लिहिताना तो शब्द आधी कमवावा लागतो. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे न फोडताच चुलीत टाकशील, म्हणून ल्युएलाच्या नावानं पाठवते आहे. ल्युएला, कधी वाचून दाखवायचं ते तू ठरव. दूध काढून आल्या आल्या नको, तेव्हा तुझा नवरा देवाचंही ऐकत नाही.

आधी कामाचं सांगते. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीनं मला परत बोलावलंय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघ्यावर बसून टोमॅटोची रोपं लावत होते आणि फोन आला. पुस्तकांच्या देवघेवीचं जुनं यंत्र तीस जूनला बंद करून नवं बसवणार आहेत. नव्या कंपनीची मुलं आली, त्यांनी आमचे प्रोग्राम उघडले आणि तोंडात बोटं घातली. एक ओळ कुणाला वाचता येईना. त्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, ही भाषा कुठली? आम्ही कॉलेजात सहा भाषा शिकलो, त्यात ही नव्हती." मी म्हटलं, "बाळा, ही जगात सहाच माणसांना येत होती."

तुला मी ती कधी समजावून सांगितली नाही, आणि तूही विचारलं नाहीस. तुझ्या हिशेबी मी हॅमिल्टनला टाइपिंग करायला जात होते. १९७२ साली पेल कंपनीत आम्ही सहाजणांनी ती बनवली. त्या वेळच्या यंत्रांची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती, की मोठ्या भाषांचे लाड त्यांना परवडत नसत. म्हणून फक्त लायब्ररीच्या कामापुरती वेगळी भाषा केली. एक्केचाळीस शब्द. पुस्तक, कार्ड, दे, घे, राखून ठेव, मुदत, असले. कागदोपत्री तिचं नाव 'लेक्टर' असं भारदस्त होतं, पण आम्ही तिला 'घरची' म्हणायचो. आपली आजी घरात जुनं जर्मन बोलायची आणि फाटकाबाहेर ते कुणाला कळायचं नाही, तशी ती. यंत्रं दोनदा बदलली, पण भाषा तीच राहिली.

सहांपैकी दोघं वारले. एकजण फ्लॉरिडात आहे, तो फोन उचलत नाही. एकजण आता घरं विकतो, तो म्हणाला, "व्हेल्मा, मी ते सगळं विसरलोय आणि विसरून सुखी आहे." हॅरल्ड वृद्धाश्रमात असतो. मी भेटायला गेले तर त्यानं मला ओळखलं नाही, पण 'राखून ठेव' या शब्दानंतर काय येतं असं विचारलं तर अचूक सांगितलं. म्हणजे चालतीबोलती मी एकटी उरले. रोज सकाळी आठला जाते.

तू माझ्या स्वयंपाकघरात शेवटचा बसलास तो रविवार होता, गॅलेनला जाऊन पाच दिवस झाले होते. तू म्हणालास, "चर्चमध्ये लोक कुजबुजतात, माझा मुलगा आपणहून नदीच्या बर्फावर गेला म्हणून. तो चुकून बुडाला की बुडायलाच गेला? शेवटी काय वाचत होता ते तुझ्या यंत्राला माहीत असेल. सांग." मी म्हणाले, यंत्र काही ठेवत नाही. तू टोपी घातलीस आणि निघालास. आपल्या पंथात शपथा घेत नाहीत, कारण आपलं हो ते हो आणि नाही ते नाही. माझं 'नाही' तुला त्या दिवशी पटलं नव्हतं.

त्याबद्दल आज एवढंच. गुडघे ठीक आहेत.

व्हेल्मा

---

वेल्सफर्ड
२४ मे १९९४

ओर्व्हिल,

तुझं उत्तर नाही. पण काल सुट्टीच्या दिवशी माझ्या पायरीवर सफरचंदाच्या घोटलेल्या मुरंब्याची बरणी होती. ल्युएला दरवर्षी ऑक्टोबरात चोरून ठेवून जाते. (माहीत नव्हतं ना तुला? आता कळलं.) मे महिन्यात ती कधी ठेवत नाही. तेव्हा पत्र वाचलं गेलं असं मी धरून चालते.

आता मला एक कबूल करायचं आहे. गेले दोन आठवडे पेन हातात घेते आणि ठेवून देते.

यंत्र काही ठेवत नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं. पुढं मी लायब्ररीत लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी तिथल्या ग्रंथपाल मिस ट्वीडनी मला सांगितलं होतं, वाचकानं काय वाचलं ते वाचकाचं. पोलीस आले तरी सांगायचं नाही, बायको आली तरी नाही, पाद्री आला तर मुळीच नाही. तो नियम आम्ही पाळला. एखाद्याच्या नावावर काय काय गेलं याची यादी यंत्रात कधीच नव्हती. पण प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत एका नावापुरती जागा होती. पुस्तक परत आलं की 'आलं' एवढीच खूण व्हायची, नाव तसंच राहायचं. पानं फाटलेली निघाली तर शेवटी कुणाकडे होतं ते कळावं म्हणून. पुढच्या वाचकानं नेलं की त्याचं नाव आधीच्या नावावर चढायचं. घरचीत 'पुसून टाक' असा शब्दच नाही. पुसायचं असेल तर वर दुसरं काहीतरी लिहायचं, हीच एक रीत.

म्हणजे पुढं कुणी नेलंच नाही, तर शेवटचं नाव तिथंच राहतं. वर्षानुवर्षं.

नव्या यंत्रात ही नावं जाऊ द्यायची नाहीत, कायदाच आहे तसा. ती कोरी करायचं काम माझ्याकडे आहे. किती आहेत ते मोजायला मी दहा वर्षांत कुणी न नेलेल्या पुस्तकांची यादी काढली. अकरा हजारांवर निघाली. नावं बघायची नसतात. मी पट्टी धरून नावांचा रकाना झाकते आणि नुसते आकडे तपासते. मागच्या बुधवारी पट्टी सरकली.

कार्डाचा नंबर बघूनच ओळखलं. ते कार्ड मीच गॅलेनला बनवून दिलं होतं, तो कॉलेजात आला त्या दिवशी. शांट्झ, जी.

आणि पुढं तारीख. अकरा फेब्रुवारी एक्क्याऐंशी, बुधवार.

ओर्व्हिल, तो दहा तारखेच्या मंगळवारी गेला. बुधवारी सकाळी त्याला नदीतून काढला तेव्हा तू तिथं होतास. माझ्या यंत्रात असं लिहिलंय, की त्याच बुधवारी त्यानं लायब्ररीतून एक पुस्तक घरी नेलं.

मी ती ओळ पट्टी लावून तीनदा वाचली. मग मला कळलं असं कसं झालं ते. पण तुला सांगण्याआधी एका बाईंना भेटायचं आहे. मागच्या वेळी अर्ध्यावर थांबले आणि घात झाला. या वेळी शेवटपर्यंत बघून मगच लिहीन.

व्हेल्मा

---

वेल्सफर्ड
६ जून १९९४

ओर्व्हिल,

तुझं कार्ड मिळालं. तेरा वर्षांत पहिलंच, आणि त्यात दोन ओळी. "तेव्हा म्हणालीस यंत्र ठेवत नाही. आता म्हणतेस ठेवतं. यातलं खोटं कुठलं?"

पहिलं खोटं. आणि त्याच्या पोटात आणखी एक होतं. आज सगळं सांगते, मधे थांबणार नाही.

बुधवारी सकाळी ल्युएलाचा फोन आला तेव्हा मी यंत्राच्या खोलीत होते. टेबलावर मंगळवारचा कागद पडलेला. दिवस मिटवला की यंत्र त्या दिवशी कोणती पुस्तकं गेली नि कोणती आली, त्याची यादी छापायचं. मी फोन ठेवला आणि यादीत गॅलेनचं नाव शोधलं. हो, शोधलं. तोच नियम मोडून, जो चार दिवसांनी तुझ्यापुढे ढाल म्हणून धरला. मला बघायचा हक्क, आणि बापाला नाही!

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी त्यानं चार पुस्तकं परत केली होती. चारही. त्यांची मुदत पुढं दोन आठवडे होती. कुणी असं एकदम सगळं परत करतं का? मी एवढंच बघितलं. कोणती चार ते तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही, ती त्याची. पण हसण्यासारखी नव्हती. एकोणीस वर्षांचा मुलगा, हिवाळाभर गप्प, तुझ्याशी शेतीवरून अबोला. त्यानं घेतलेलं सगळं परत केलं आणि नदीवर गेला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, की तो आवराआवर करून गेला.

तो कागद मी घडी घालून घरी नेला आणि माझ्या चुलीत जाळला. मग तू आलास, विचारलंस, आणि मी नाही म्हणाले. मला वाटलं, हे ओझं एकटीनं वाहावं, तुला नको. कुणी सांगितलं होतं वाहायला? तू ओळखलंस की मी काहीतरी दाबून ठेवलंय, आणि ज्या अर्थी दाबलंय त्या अर्थी ते वाईटच. म्हणजे न सांगताही मी तुला सांगितलंच. ते तू तेरा वर्षं उराशी धरून बसलास. आता खरी गोष्ट ऐक.

घरची भाषा बनवताना दिवस कुठं संपतो हे मी ठरवलं. ते माझंच काम होतं, बाकी पाचांना त्यात रस नव्हता. त्या भाषेत मध्यरात्र नाही. आमचा यंत्र चालवणारा माणूस दुपारी चारला घरी जायचा. जाण्याआधी त्यानं दिवसभराच्या नोंदींची टेप काढून कपाटात ठेवायची असायची. म्हणून मी 'दिवस मिटव' असा एक शब्द केला. चार वाजता तो शब्द दिला, की यंत्राच्या दृष्टीनं आजचा दिवस संपला. त्यानंतर रात्री दहापर्यंत जे पुस्तक जाईल त्यावर उद्याची तारीख पडणार. कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट चारनंतर पुस्तक घेणाऱ्याला एकवीसऐवजी बावीस दिवस मिळायचे. विद्यार्थी त्याला 'फुकटचा दिवस' म्हणायचे, आणि त्यासाठी साडेतीनपासून रेंगाळायचे.

मंगळवारचा कागद चारपर्यंतचाच होता. चारनंतरचं सगळं बुधवारच्या कागदावर. तो बुधवारी चारला छापला गेला, तेव्हा मी तुमच्या घरी ल्युएलाचा हात धरून बसले होते. नंतर तो मी न उघडताच रद्दीत घातला. ज्या बाईनं तो दिवस बनवला, त्याच बाईला तो आठवला नाही.

तेव्हा बुधवार, अकरा तारीख, याचा अर्थ मंगळवार, दहा तारीख, चारनंतर. दुसरा होऊच शकत नाही.

त्यानं तीनला चार पुस्तकं परत केली. मग वाचनकक्षात थांबला. आणि चारनंतर एक नवं पुस्तक घेतलं. चपट्या तळाची नाव घरच्या घरी कशी बांधावी, याचं. आत नकाशे, फळ्यांची मापं. फेब्रुवारी महिन्यात, नदीवर बर्फ असताना, नाव बांधायचं पुस्तक नेणारा पोरगा जूनचा विचार करत असतो.

आणखी एक, मग थांबते. फुकटच्या दिवसाचं त्याला कुणी सांगितलं होतं? मीच. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात. म्हटलं, "गॅलेन, चारच्या आधी माझ्याकडून पुस्तक नेलंस तर तू मूर्ख." तो हसून म्हणाला, "आत्या, एका दिवसानं काय होतं?" मी म्हटलं, "शेवटच्या रात्री तीस पानं उरली की कळेल." त्यानंतर तो कधी चारच्या आधी घेत नसे. परत केव्हाही करायचा, पण न्यायचा चारनंतर.

ओर्व्हिल, त्या दुपारी आपला गॅलेन एक दिवस जास्त मिळावा म्हणून तासभर थांबला होता.

ज्या बाईंना भेटायचं म्हणाले होते त्या मिसेस काउलर, त्याची खोली ज्यांच्याकडे होती त्या. आता ऐंशीच्या आहेत, कान गेले, पण डोकं शाबूत. ते पुस्तक त्यांनीच दोन मार्चला, मुदतीच्या दोन दिवस आधी, लायब्ररीच्या पेटीत टाकलं होतं. मी ओरडून विचारलं, आठवतं का? त्या म्हणाल्या, "आठवायला काय झालं? पलंगावर पालथं पडलं होतं, उघडं. वर नावेचं चित्र. जाताना मला म्हणाला, भूक लागली, पलीकडच्या खानावळीत जाऊन येतो, दिवा राहू दे. मी म्हटलं, पुलावरून जा रे. म्हणाला, पुलावरून लांब पडतं." सगळेच बर्फावरून जायचे. त्या आठवड्यात चार दिवस ऊन पडलं होतं एवढंच.

मी विचारलं, हे तुम्ही तेव्हा कुणाला का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "पोलिसांना सांगितलं. त्यांनी अपघात लिहिला. घरच्यांनी मला काही विचारलंच नाही. मला वाटलं, मी पुलाचा हट्ट धरला नाही म्हणून रागावलेत."

बघ, तुझ्यामाझ्याशिवाय तिसरं एक माणूस तेरा वर्षं तिसऱ्याच गोष्टीचं ओझं वाहतं आहे.

मला माफ कर असं लिहिणार होते, पण ते मागण्याआधी तू हे नीट वाच.

व्हेल्मा

---

वेल्सफर्ड
१८ जून १९९४

ओर्व्हिल,

या वेळी पूर्ण पान लिहिलंस. अक्षर अजून तसंच, नांगरानं काढल्यासारखं.

तू लिहितोस: "लहानपणापासून तुला गोष्टी जुळवायची खोड. काच फुटली की तुझ्याकडे वाऱ्याची दिशासुद्धा तयार असायची. म्हातारा झालोय, रात्री झोप लागत नाही, हे ल्युएलानं तुला कळवलं असणार, आणि तू बसून माझ्या समाधानासाठी एक गोष्ट रचलीस. चार वाजता दिवस संपतो म्हणे! देवानं केलेला दिवस असा कुणा बाईच्या सांगण्यावरून संपत नाही. मिसेस काउलरला मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. तिलाही तू पढवलं असशील."

वाचून आधी राग आला. भांडी घासली, दोनदा. मग वाटलं, तुझं बरोबर आहे. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरंही खोट्याच्याच भावानं जातं. मी कितीही पानं लिहिली तरी ती माझीच पानं.

म्हणून वाद घालत नाही. एकच सांगते, ते करायचं की नाही ते तू ठरव.

यंत्र अजून चालू आहे. तीस जूनपर्यंत. तुझ्या फाटकापासून लायब्ररी बावीस मैल. एखाद्या दिवशी ये. गावच्या माणसाला गाडीचं लायसन्स दाखवलं की तिथल्या तिथं कार्ड मिळतं. काउंटरवर ग्वेन नावाची मुलगी असते, ती मला 'मिस शांट्झ' म्हणून ओळखते, तुला ओळखत नाही, आणि तिला मी काहीही सांगितलेलं नाही. तिच्याकडे नावेचं पुस्तक माग. ते अजून तिथंच आहे, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडच्या मांडणीत. मी हात लावलेला नाही.

पण चारनंतर ये. आणि पुस्तकासोबत ती चिठ्ठी देते, तिच्यावर पुस्तक नेल्याची तारीख कुठली पडते ते बघ. त्या दिवशीची पडली तर मी लबाड, आणि पुन्हा कधी तुला पत्र पाठवणार नाही. दुसऱ्या दिवशीची पडली तर तुझा मुलगा मंगळवारी बर्फावर गेला तो जेवायला गेला.

मी तुला दिसणार नाही. आतल्या खोलीत असेन, दार लावून. तू तारखेसाठी यायचंस, माझ्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी. तू ते पुस्तक नेलंस की त्या नोंदीत गॅलेनच्या नावावर तुझं नाव चढेल. त्याचं जाईल. त्याचा त्रास होईल का याचा तू विचार कर. नाही आलास तरी ते जाणारच आहे. तीस तारखेला यंत्र बंद करताना अकरा हजार नावांवर मला कोरी जागा लिहायची आहे, आणि त्यात तेही आहे. बाकीची मी आठवडाभर आधीच करून ठेवीन. ते एक मात्र शेवटी ठेवते. कोऱ्या जागेपेक्षा तिथं तुझं नाव आलेलं मला बरं वाटेल, हे उघड सांगते.

व्हेल्मा

---

वेल्सफर्ड
१ जुलै १९९४

प्रिय ओर्व्हिल,

आज सुट्टी. खाली रस्त्यावरून झेंडे घेऊन पोरं चालली आहेत. यंत्राच्या खोलीची किल्ली काल परत केली, ती नसल्यानं हात उगाच खिशात जातो.

काल सकाळपासून मी आत होते. नव्या कंपनीची दोन मुलं खोकी उघडत होती. अकरा हजारांवर नावं कोरी झाली होती आणि एक उरलं होतं. बारा वाजले, दोन वाजले. तू सोमवारी आला नाहीस, मंगळवारी नाहीस, बुधवारी नाहीस, तेव्हा गुरुवारी तरी का येशील, असं मी स्वतःला समजावत होते. सरत्या जूनमध्ये वाळलेला चारा सोडून कुणी शेतकरी बावीस मैल गाडी हाकत नाही, हे मला कळत नाही का?

चार वाजता मी 'दिवस मिटव' दिलं. एरवी हे काम माझं नव्हतं, पण त्यातल्या एका मुलानं खुर्ची मागे केली आणि म्हणाला, "मॅडम, शेवटचं तुम्हीच करा." यंत्रानं कागद छापला, टेप थांबली. आणि मग सवयीनं ते शुक्रवार, एक जुलै म्हणून कामाला लागलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की तो दिवस त्याला मिळणार नाही? सहाला लायब्ररी बंद झाली की आम्ही त्याची वीज काढणार होतो.

पडद्यावर त्या पुस्तकाची नोंद उघडून मी बसले. शांट्झ, जी. तेरा वर्षं कुणालाही ती नाव बांधावीशी वाटली नाही म्हणून ती अक्षरं तिथं होती. मी ठरवलं होतं, पावणेसहापर्यंत वाट बघायची.

चार वाजून बावीस मिनिटांनी ती अक्षरं बदलली. आधी काही कळलंच नाही. आडनाव तेच राहिलं, फक्त पुढचं अक्षर हललं. शांट्झ, ओ.

मी तोंडावर हात दाबून रडले. नव्या मुलांना वाटलं यंत्रासाठी रडते आहे, त्यातल्या एकानं पाणी आणून दिलं. दार उघडलं नाही. उघडणार नाही म्हणाले होते, आणि तुला दिलेला एक तरी शब्द पाळायचा होता.

तुझ्यानंतर एका मुलीनं रसायनशास्त्राची तीन पुस्तकं नेली. सहाला मुलांनी वीज काढली. पंखे थांबायला बराच वेळ लागला. हॅरल्डला आज संध्याकाळी जाऊन सांगेन, कळलं तर कळलं.

मग ग्वेन पर्स घेऊन आत डोकावली. म्हणाली, "मिस शांट्झ, आज एक गंमतच झाली. एक म्हातारे गृहस्थ आले होते. बुटांना चिखल, टोपी हातात. नवं कार्ड केलं, आणि पुस्तक मागितलं तर कुठलं, तर नावेचं! चिठ्ठी दिली तर हलेचनात. मला विचारलं, आज तारीख काय? मी म्हटलं, तीस. मग म्हणाले, यावर एक का आहे? मी म्हटलं, काका, चार वाजून गेले ना, चारनंतर हे यंत्र उद्याचीच तारीख टाकतं, पहिल्यापासून टाकतं. म्हणाले, एक्क्याऐंशी सालीही टाकायचं? मी म्हटलं, माझा मोठा भाऊ तेव्हा इथं शिकत होता, तोसुद्धा चारनंतरच यायचा, एक दिवस फुकट मिळतो म्हणून. तर ते खुर्चीत बसले. मागे रांग तशीच थांबली. मी पाणी विचारलं, नको म्हणाले. चिठ्ठी पुस्तकात ठेवली, पुन्हा काढून बघितली, पुन्हा ठेवली. जाताना मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, की असं का होतं ते मात्र इथं कुणाला माहीत नाही हो. तर दारात थांबून म्हणाले, 'आहे माहीत. माझ्या बहिणीनं केलंय ते.'"

पुस्तकाची मुदत बावीस जुलै आहे. परत करायला तू येशील तेव्हा मी काउंटरच्या अलीकडे, तुझ्या बाजूला उभी असेन.

तुझी,
व्हेल्मा